मावशीने बसवलेला पंखा

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात काम करायची. पुढे काचेच्या कपाटांपाशी मालक गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवायचे आणि मागे, पडद्याआडच्या चार फूट रुंद खोलीत, मावशी काचा घासून त्या फ्रेमींत बसवायची. एकतीस वर्षं तिने हेच केलं. मोहरीएवढा स्क्रू एका दमात जागेवर बसवणारा तिच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. काच केसभर जरी सरकली तरी ती पुन्हा काढायची. "आपल्या आळसापायी लोकांना चक्कर कशाला?" म्हणायची.

आणि तिच्याच नवऱ्याचे डोळे चालले होते. काचबिंदू. डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने सवयीने विचारलं, "नंबर किती?" डॉक्टर म्हणाले, "बाई, हे नंबरचं काम नाही." त्या दिवशी दुकानात परत जाऊन तिने तीन चष्मे बसवले आणि तिन्ही खोलून पुन्हा बसवावे लागले.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, निवृत्त होईपर्यंत पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर ऑपरेटर होते. पंपाचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग जातंय ते सांगायचे. बोलणं कमी, आणि जे काही असेल ते घरात नव्हे, रेडिओवर. तरुणपणी रीतसर परीक्षा देऊन त्यांनी हॅम रेडिओचा, म्हणजे घरातून परगावच्या लोकांशी बिनतारी बोलायचा, परवाना काढला होता. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तार ताणलेली, आणि मधल्या खोलीत टेबलावर सेट. तो सेट त्यांच्या लग्नापेक्षाही जुना. राखाडी लोखंडी पेटी, उचलायला दोन माणसं लागत. आत काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे, पण शेवटचे दोन चांगले मुठीएवढे. मावशी त्याला "तुमचं ते धूड" म्हणायची आणि त्यावरची धूळसुद्धा पुसायची नाही.

रोज दुपारी चार वाजता काका त्या धुडापुढे बसायचे. चार गावांतली चार माणसं एकमेकांना पुकारायची. त्यांत एक जहाजावरून निवृत्त झालेले कप्तान होते. बावीस वर्षांत काका आणि कप्तान एकदाही समोरासमोर भेटले नव्हते, पण एकमेकांचे गुडघे, रक्तदाब आणि जावई त्यांना पाठ होते.

दर गुरुवारी दुकानाला सुट्टी असायची. अशाच एका गुरुवारी मावशी मधल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. काका कप्तानांशी बोलत होते. मावशी सहज म्हणाली, "काही म्हणा, धूड असलं तरी लागल्यावर आतून दिसतं छान. कसं लालबुंद!"

काका वाक्याच्या मधेच थांबले.

"काय लाल?"

"त्या बाटल्या हो. मागच्या जाळीतून दिसतायत की."

"आतली तार लाल आहे की पत्रा?"

"मला काय कळतंय त्यातलं? मधला मोठा पत्रा. निखाऱ्यासारखा."

"आज पहिल्यांदा दिसला?"

"नाही. मागच्या गुरुवारीही होताच. मला वाटलं तसाच असतो."

काकांनी बटण फिरवून सेट बंद केला. निरोप नाही, काही नाही. पलीकडे कप्तान बोलतच असतील. काकांनी झाकणावर तळहात टेकवला आणि चटका बसून मागे घेतला. मावशीच्या हातातली उशीची खोळ हातातच राहिली.

"पत्रा लाल होणं म्हणजे व्हॉल्व्ह मरायला टेकणं," काका म्हणाले. "बोलायच्या आधी एक वाटोळं बटण फिरवून मीटरची सुई अगदी खाली आणायची असते. ती खाली आली नाही तर सगळी ताकद गच्चीवरच्या तारेत जायच्या ऐवजी व्हॉल्व्हमध्येच जळते."

"मग तुम्ही आणत नव्हता का खाली?"

"मला सुई दिसत नाही."

डोळ्यांबद्दल ते असं सरळ पहिल्यांदाच बोलले. तोपर्यंत "जरा अंधुक आहे", "आज उजेड कमी आहे" असंच चालायचं.

"कधीपासून?"

"दोन-तीन महिने झाले. अंदाजाने फिरवतोय."

मावशी घाबरली की ती रागावते. आमच्या घरात सगळ्यांचंच तसं आहे. "म्हणजे मी दुकानात, तुम्ही घरात एकटे, आणि हे इथे निखाऱ्यासारखं जळतंय! आग लागली असती तर? बंद करा ते आता. पुष्कळ झालं."

"बंद करून काय करू?"

"फोन आहे ना. फोनवर बोला कप्तानांशी."

काकांनी तिच्या दिशेने मान वळवली. "त्या चौघांत मी आंधळा नाहीये. तिथे मला कोणी हात धरून खुर्चीवर बसवत नाही."

मावशी खोळीची घडी घालू लागली. काकाच पुढे म्हणाले, "सुईचं बघतो काहीतरी. पण व्हॉल्व्ह म्हातारे झालेत. सुई बरोबर असली तरी ते तापणारच. हवा द्यायला हवी. आत पंखा बसवतो. छोटासा."

"कोण, तुम्ही?"

"पस्तीस वर्षं हा सेट मीच उघडतोय."

"पस्तीस वर्षं डोळे होते."

बोलून गेली आणि तिला कळलं. काका उठले, भिंत चाचपत गॅलरीत जाऊन उभे राहिले. दोन दिवस घरात जेवायला वाढण्यापुरतंच बोलणं झालं.

शनिवारी मावशीने दुकानाच्या माळ्यावरच्या बंद पडलेल्या संगणकातला पंखा मालकांकडे मागितला. मालक म्हणाले, "न्या की, अडगळच ती." तळहाताएवढा काळा पंखा. घरी येऊन तिने तो काही न बोलता काकांच्या हाताशी टेबलावर ठेवला. तिच्या परीने ती समजूत घालत होती. काकांनी तो बोटांनी चाचपला, पातं फिरवून पाहिलं, आणि त्याचा अर्थ असा घेतला की आता परवानगी मिळाली.

सोमवारी दुकानात काच घासायच्या मशीनचा पट्टा तुटला आणि मावशी दीड वाजताच घरी आली.

दार नुसतं लोटलेलं होतं. मधल्या खोलीत काका सेटपुढे उभे. झाकण काढून खाटेवर ठेवलेलं. डावा हात सेटच्या लोखंडी सांगाड्यावर टेकलेला आणि उजवा हात आत, मागच्या कोपऱ्याकडे, एकेक तार चाचपत सरकतोय. मावशीची नजर भिंतीकडे गेली. तिथे एकाखाली एक दोन प्लग असायचे, एक टेबलावरच्या दिव्याचा, एक सेटचा. एक प्लग उपसून जमिनीवर टाकला होता. दिव्याचा. सेटचा भिंतीतच होता आणि त्याचं बटण चालू होतं.

तिच्या तोंडून किंकाळीच फुटणार होती. पण ओरडलं तर हे दचकतील, आणि दचकलं तर हात कुठे लागेल कोण जाणे. पंचवीस वर्षं नाजूक काम केलेल्या बाईला एवढं कळतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि दूध आणलं का विचारावं तशा साध्या आवाजात म्हणाली,

"अहो, हात आहेत तिथेच ठेवा. हलवू नका."

काका थांबले. "तू? इतक्यात?"

"प्लग भिंतीत आहे."

"काढला मी."

"तुम्ही दिव्याचा काढलाय."

मावशी टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेली, बटण खाली केलं, प्लग उपसला आणि हातात धरून ठेवला. "काढला. आता सावकाश हात बाहेर घ्या. आधी उजवा."

उजवा हात बाहेर आला. मग डावा. मावशी सेटकडे वाकली, तसे काका ओरडले, "तू नको हात लावूस! प्लग काढला म्हणजे सगळं संपत नाही."

आत डब्यासारखे मोठे कपॅसिटर होते. सेट बंद झाला तरी त्यांच्यात वीज दबा धरून बसते, आठशे व्होल्टची. ती उतरवायला काकांनी एक लाकडी दांडा केला होता. टोकाला तांब्याचा तुकडा आणि त्याची तार सांगाड्याला अडकवलेली. "एरवी गरज पडत नाही," ते म्हणाले. "ती वीज जिरवायला आत एक रेझिस्टर आहे. मिनिटभरात आपोआप उतरते. सेटची गुणगुण ठीक आहे का ऐकायला मघाशी दहा मिनिटं लावून बंद केला होता, पण त्यालाही आता वेळ झाला. तरी लाव दांडा. डावा हात पाठीमागे धर, म्हणजे वीज छातीतून आरपार जायची नाही, आणि दांड्याचं टोक डब्यावरच्या खिळीला टेकव."

मावशीने डावा हात पाठीमागे घेतला आणि टोक टेकवलं.

फाडकन आवाज झाला. निळी ठिणगी. तांब्याच्या टोकावर काळा डाग पडला. मावशीच्या हातून दांडा पडता पडता राहिला.

काका खुर्चीत बसले. "ठिणगी यायला नको होती," ते म्हणाले. "म्हणजे तो रेझिस्टर गेलाय. आणि मी..." त्यांनी पुढचं गिळलं. त्यांचा हात त्या डब्याकडेच निघाला होता. प्लग बरोबर काढला असता तरी आज काही खरं नव्हतं.

बाहेर कोणीतरी बादलीत पाणी भरत होतं, त्याचा आवाज येत होता. मग मावशीने स्टूल ओढलं, दुकानातून आणलेल्या पिशवीतून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, आणि म्हणाली, "सांगा. मी करते."

"तुला यातलं..."

"सोल्डरचा डाग मला देता येतो. तुटक्या फ्रेमींना रोज देते. बाकीचं तुम्ही सांगा. पण एक अट. मी विचारेन ते सांगायचं, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. अंदाज नको."

काकांनी हो म्हटलं.

पुढचे दोन दिवस ती मालकांना सांगून दुपारी लवकर घरी येत होती. पहिलं काम त्या मेलेल्या रेझिस्टरचं. काकांकडे पत्र्याच्या डब्यात शेकड्याने सुटे तुकडे होते. मावशी एकेक भिंगाखाली धरून त्यावरच्या रंगांच्या पट्ट्या वाचायची. "पिवळा, जांभळा, नारिंगी." "नको, पुढचा." "हिरवा, निळा, पिवळा." "तो घे. जाडा आहे ना? तोच." एकाऐवजी दोन बसवायला लावले काकांनी, एक गेला तरी दुसरा असावा म्हणून.

मग पंखा. काकांची एकच हट्टाची गोष्ट. सेटला भोक पाडायचं नाही. "एवढ्या वर्षांत कोणी पाडलं नाही, आपण पाडायचं नाही." व्हॉल्व्हच्या वर आधीपासून भोकाभोकांची पत्र्याची जाळी होती, तिच्यावर पंखा आडवा बसवायचं ठरलं. पण पंख्याची थरथर पत्र्यात उतरली तर ती माइकमधून सगळ्यांना ऐकू जाणार. मावशीने पिशवीतून चष्म्याच्या नाकावर टेकणारे सिलिकॉनचे चार गोळे काढले आणि पंख्याच्या चार कोपऱ्यांखाली बसवले. काकांनी ते चाचपले. "हे काय आहे?" तिने सांगितल्यावर ते हसले. त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा.

हवा खाली फुंकायची की वर ओढायची यावर दोघांची जुंपली. काका म्हणत, सरळ व्हॉल्व्हवर फुंकू दे. मावशी म्हणत होती, गरम हवा आपसूक वर जाते, तिला उलटं कशाला ढकलायचं? बॅटरीवर पंखा फिरवून तिने काच पुसायच्या कागदाची पट्टी त्याच्यासमोर धरली आणि काकांचं बोट तिच्यावर टेकवलं. पट्टी कुठल्या बाजूला ओढली जाते ते त्यांना कळलं. पंखा उलटा करून बसवला. वर ओढणारा.

वीज त्याला सेटमधूनच दिली, व्हॉल्व्हच्या तारा तापवायला जी सहा व्होल्टची असते तिच्यातून. मधे तिला एसीची डीसी करणारा एक चौकोनी भाग. बारा व्होल्टचा पंखा त्यावर अर्ध्या वेगाने चालेल, काका म्हणाले, म्हणजे आवाज होणार नाही.

बुधवारी दुपारी पहिली चाचणी. झाकण उघडंच. काकांनी सेट लावला. गुणगुण सुरू झाली, व्हॉल्व्ह हळूहळू उजळले. पंखा हललाच नाही.

"फिरतोय?"

"नाही. थरथरतोय नुसता. अडलाय कुठेतरी." पातं एवढंसं पुढे येऊन मागे जात होतं. एक टिचकी दिली असती की सुटलं असतं. मावशी पुढे वाकली, बोट निघालंच होतं. जाळीची भोकं बोट जाईल एवढी होती, पात्यांच्या खाली दोन बोटांवर व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या धातूच्या टोप्या होत्या आणि त्या टोप्यांवर आठशे व्होल्ट.

काकांना ते दिसलं नाही. त्यांना स्टुलाची करकर ऐकू आली.

"हात मागे!"

पंपहाऊसच्या घरघरीवरून माणसांना हाका मारलेला तो आवाज. मावशी स्टुलासकट मागे गेली. काकांनी त्याच क्षणी सेट बंद केला. मावशी म्हणते, तिला तेव्हा कुठे कळलं की सोमवारी ह्यांचा हात आत होता तेव्हा ह्यांना धोका पुरता कळत होता, दिसला नव्हता तो फक्त प्लग.

तिने प्लग काढला, दांडा टेकवला. ठिणगी आली नाही. पंखा सोडवून भिंगाखाली धरला तर त्याच्या आसात बारीक पांढरी पूड. काचेची. दुकानातच अर्धमेला झाला होता तो, तिथली धूळ खाऊन; बॅटरीच्या पूर्ण जोरावर फिरला, सहा व्होल्टला अडला. मावशीने ती पूड ब्रशने काढली आणि फ्रेमींच्या बिजागऱ्यांना घालायचं पातळ तेल सुईच्या टोकावर घेऊन एक थेंब सोडला. पुन्हा बसवला. पुन्हा सेट लावला. या वेळी दोन्ही हात पाठीमागे.

पंखा फिरला. इतका गुपचूप की काकांना विचारावं लागलं. मावशीने कागदाची पट्टी वर धरली, ती फडफडली, आणि तो आवाज ऐकून काकांनी मान डोलावली.

गुरुवारी चार वाजता मावशी सेटपुढे काकांच्या शेजारी बसली. काका बटण फिरवू लागले. ती सुईकडे बघत सांगत होती, "खाली येतेय... येतेय... अजून... थांबा, वर निघाली. मागे घ्या. हं, बस." मागच्या जाळीतून पाहिलं तर आतल्या तारा नारिंगी आणि पत्रा काळाच्या काळा.

काकांनी पुकारा केला. कप्तानांचा आवाज आला. "अरे वा! आज काय स्वच्छ येतंय तुमचं बोलणं! तीन महिन्यांनी ऐकतोय असं."

काकांनी माइक जवळ घेतला. "तीन महिने कसं येत होतं?"

पलीकडून थोडा वेळ नुसती खरखर. मग कप्तान म्हणाले, "फाटत होतं जरा. आम्ही म्हटलं, डोळ्यांचं ठाऊक आहे आपल्याला, उगाच कशाला..."

"तिघांनाही ठाऊक होतं?"

"हो."

काकांनी शांतपणे निरोप घेतला, सेट बंद केला आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मावशी म्हणाली, चहा करू का? एवढा जीव धोक्यात घालून बसवलेला पंखा, आणि आता सेटच लागायचा नाही असं तिला वाटलं. शुक्रवारी चार वाजून गेले, काका उठले नाहीत. शनिवारीही नाही. कप्तानांचा दोनदा फोन आला. काकांनी घेतला नाही.

शनिवारी संध्याकाळी मावशीनेच विषय काढला. "त्यांचं चुकलं. पण तुम्हीही तीन महिने मला सांगितलं नाहीत. मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

काका उठून बसले. मग म्हणाले, "सुई बघायला बसशील?"

"बसेन. पण चार वाजता मी दुकानात असते. रोज रोज रजा कोण देणार?"

त्यांनी कप्तानांना फोन लावला. मावशी स्वयंपाकघरातून ऐकत होती. काका म्हणाले, "दोन गोष्टी. एक, माझा आवाज फाटला तर त्याच क्षणी सांगायचं. कीव करायची असेल तर मला पुकारूच नका." पलीकडून कप्तान काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही, पण काकांचा आवाज त्यानंतर सैल झाला. "आणि दुसरं, वेळ बदलायची. साडेसहा. माझं मीटर दुकानातून सहाला सुटतं."

त्यानंतर पाच वर्षं तो सेट चालला, त्याच दोन व्हॉल्व्हवर. दोन वर्षांत काकांना उजेड-अंधारही कळेनासा झाला, तरी साडेसहा चुकले नाहीत. मावशीने परवाना काही काढला नाही. माइकवर कधी बोलली नाही. "मला फक्त सुई कळते," म्हणायची. पण कप्तान निरोप घेताना आधी मीटरला नमस्कार सांगायचे आणि मग काकांना.

बासष्टाव्या वर्षी तिने दुकान सोडलं. आता दुपारी मोकळीच होती, म्हणून काकांनी वेळ परत चारवर आणायचं सुचवलं. कप्तानांनी साफ नकार दिला. म्हणाले, इतक्या वर्षांत मला दुपारच्या झोपेची सवय लागलीय, ती आता कोणासाठीही मोडायची नाही.